पहाटेचा भात

घाण नेमकी कठड्यावरच व्हायची. बाग चांगली ऐसपैस होती. पेरूखाली पाचोळा होता, पपईमागं भुसभुशीत माती होती, आणि कोपऱ्यातला खताचा खड्डा तर अशाच कामासाठी खणल्यासारखा होता. पण त्या अनोळखी जनावराला यातलं काहीच पसंत नव्हतं. त्याला मागच्या भिंतीलगतचा हातभर रुंद सिमेंटचा कठडाच लागायचा, आणि तोही मधोमध. सूनबाई रोज सकाळी दातओठ खात तो घासून काढायची आणि दुसऱ्या सकाळी तिथं ताजा ऐवज हजर असायचा.

तो कठडा तिच्या पोटापाण्याचा होता, हे खरं दुखणं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चाले. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल, ही रोजची कामं. मधूनच एखादा नवा पोशाख. नवं सुती कापड कापायच्या आधी भिजवून आटवावं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात सदऱ्याची बंडी होते. भिजलेलं कापड दोरीवर टाकलं तर आपल्याच वजनानं ताणलं जातं, म्हणून ती ते कठड्यावर सपाट पसरायची. एकदा घाईत न बघता तिनं गिऱ्हाइकाचं मोतिया रंगाचं कापड पसरलं, आणि उचललं तेव्हा त्याच्या बरोबर मध्यावर डाग होता. गिऱ्हाईक न्यायला आलं तेव्हा ते तिच्याकडे बघत राहिलं आणि ती कापडाकडे. त्या दिवशी तिनं कंबर कसली.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण सासऱ्यांनी लग्नाच्या दिवसापासून तीच हाक मारली, ती शेजाऱ्यांनी उचलली, शेजाऱ्यांकडून गिऱ्हाइकांनी, आणि आता तर नवराही विसरून कधीकधी तिला सूनबाई म्हणे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची पाळी भल्या पहाटे सुरू व्हायची, आणि दिवसभर बंद डब्यात अडकलेल्या लोकांशी बोलून झाल्यावर घरी बोलायला त्याच्याकडे फारसं शिल्लक नसायचं. त्यानं कठड्याकडे एकदा पाहिलं आणि "मांजर असेल," एवढा निकाल देऊन तो आंघोळीला गेला.

मांजर म्हटल्यावर शेजारणीचा बोका आलाच. सूनबाईनं भिंतीवरून शेजारणीला चार शब्द सुनावले. शेजारणीनं आठ परत केले: आमचा बोका घरात वाळूच्या ट्रेमध्ये जातो, केलेलं झाकतो, आणि तुमच्या घरातल्या काही माणसांपेक्षा स्वच्छ आहे. हा शेवटचा टोला नवऱ्याच्या बुटांना उद्देशून होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. दोघींचं बोलणं बंद झालं. बोका मात्र दोन्ही घरी पूर्वीसारखाच येत-जात राहिला.

मग उपाय सुरू झाले. फिनेल झालं, डांबरगोळ्या झाल्या. कुणीतरी सांगितलं म्हणून तिखट पसरलं, तर वाऱ्यानं ते उलट्या दिशेला उडालं आणि सगळं घर दुपारभर शिंकत बसलं. जुन्या सीडी दोऱ्यानं टांगून पाहिल्या. त्या कावळ्यांना आवडल्या. फिनेलवर तिचा विश्वास सर्वात जास्त. बागेत पाऊल टाकायचं ते फिनेलची बाटली हातात घेऊनच. पण कठडा जितका घासावा तितकं ते जनावर नाकावर टिच्चून तिथंच येई, जणू आपली जागा पुसली म्हणून ते पुन्हा लिहून जात होतं.

या सगळ्यात सासऱ्यांचं म्हणजे बाबांचं वेगळंच काही चाललं होतं.

बाबा आयुष्यभर एका मोठ्या वसतिगृहात मुख्य आचारी होते. शेकडो पोरांचा स्वयंपाक. अंधारात उठायची सवय हाडात मुरलेली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. पत्नी गेल्यावर तर त्यांची पहाट आणखीच लवकर व्हायला लागली. तांबडं फुटायच्या सुमाराला ते आपली वेताची खुर्ची कठड्याजवळ ओढायचे आणि घर जागं होईपर्यंत तिथं बसून राहायचे. भात शिजला की नाही हे झाकण न उचलता वासावर सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. मिठाच्या चिमटीवरून ते अजूनही सुनेशी वाद घालत आणि वादात बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघे.

एके दिवशी सकाळी आत येऊन त्यांनी विचारलं, "आज इतक्या लवकर भात टाकलास?" तिनं नाही म्हटलं. कुणीतरी टाकलाय, ते म्हणाले, आणि तांदूळ चांगला आहे, वासाचा आहे. तिला वाटलं शेजारीपाजारी असेल. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग जवळजवळ रोज. कधी म्हणत, आता उतरवायला हवा, बुडाला लागेल. कधी नुसतंच नाक ओढून समाधानानं मान हलवत. सूनबाई सुरुवातीला हसली. मग तिनं हसणं सोडलं आणि ऐकू न आल्यासारखं करायला लागली. तिला स्वतःला कसला वास येणं कठीणच होतं. कापडाच्या तुसामुळं तिचं नाक बारा महिने चोंदलेलं, आणि उरल्यासुरल्या नाकात फिनेल.

म्हातारं माणूस, जन्मभर भात शिजवलेला, त्याला भाताचा वास येतो. यात कोडं असं काही नव्हतंच. मन मागं मागं जायला लागलं की असंच होतं, असं तिनं ऐकलं होतं, आणि ऐकलेलं इतकं चपखल बसलं की तिनं दुसरा विचारच केला नाही.

मग गॅसचा प्रकार झाला. त्या पहाटे बाबांना वास इतका दाट आला की कुणीतरी भांडं चुलीवर विसरलं, या खात्रीनं ते स्वयंपाकघरात शिरले. अंधारात शेगडी चाचपली. भांडं नव्हतंच. पण चाचपताना एक बटण फिरलं. सूनबाई उठून आली तेव्हा आतून बारीक फुसफुस ऐकू आली. दिव्याला हात लावायच्या आत तिच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मागं वळून पाहिलं, तर बाबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा तिनं त्यापूर्वी तसा कधी पाहिला नव्हता.

तिनं नणंदेला फोन केला. करायलाच हवा होता, आणि तरी करताना आपण चहाडी करतोय असं तिला वाटत राहिलं.

ताई नवऱ्यापेक्षा मोठी. ती रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोनवर बसायची. लोक रडत-ओरडत फोन करायचे, ती तीन प्रश्न विचारायची आणि गाडी पाठवायची. घरच्यांशीही तिची रीत तीच. वास कधीपासून? रोज? अजून कुणाला येतो? शेवटच्या प्रश्नाला सूनबाई नाही म्हणाली. ताईनं मग कुठल्याशा डॉक्टरांना विचारलं; नसलेला वास येणं हेही एक लक्षण असू शकतं म्हणे. रविवारी ती आपल्या नवऱ्याला घेऊन आली. तिचा फ्लॅट आठव्या मजल्यावर, विजेची शेगडी, घरात कुणी ना कुणी कायम असतं. बाबा यापुढे तिथंच राहतील, असं तिनं सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

बाबा वाद घालतील, असं सूनबाईला वाटलं होतं. मिठावरून वाद घालणारा माणूस घरावरून घालणार नाही का? पण त्यांनी आपली बॅग आदल्या रात्रीच भरून ठेवली होती. गाडीत बसताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, गॅसकडे लक्ष देत जा. गाडी वळली तेव्हा तिला रडू आलं, आणि थोडं हलकंही वाटलं. आता पहाटे धसकून उठायला नको. हलकं वाटल्याचा तिला राग आला, आणि तो सगळा राग तिनं कठड्याकडे वळवला.

आता ती डोकं लावून कामाला लागली. फिनेल बंद केलं. संध्याकाळी शिलाईच्या खडूची वस्त्रगाळ भुकटी करून अख्ख्या कठड्यावर गाळणीनं पसरली. सकाळी त्यावर पावलं उमटलेली होती, अगदी स्वच्छ. बोक्याची पावलं तिला पाठ होती. काळं कापड टेबलावर अंथरलं की तो खडूभरल्या पायांनी त्यावरून हमखास चालत जायचा, आणि त्याची उमटायची चार बोटं. इथं पाच होती. म्हणजे चोर सोडून आपण संन्याशाला सुळावर दिलं. तिनं काळ्या कापडाचा एक तुकडा पावलांवर अलगद दाबून उचलला. पांढरे ठसे कापडावर आले. तो तुकडा घेऊन ती शेजारणीकडे गेली आणि माफी मागितली. शेजारणीनं थोडे आढेवेढे घेतले, मग चहा केला.

माग उलटा काढला, तर जिथं पेरूची फांदी कठड्यावर टेकत होती, तिथून पावलं निघत होती. आणि घाणीत काय असायचं? पेरूच्या बिया, पपईच्या बिया, फळांची सालं. रोज डोळ्यांसमोर होतं. पण घाण बघायची असते ती पुसण्यापुरती, वाचायला कोण बसतं? म्हणजे हे झाडावर राहणारं, फळं खाणारं काहीतरी. नवऱ्यानं फांदी कापली. तिनं खाली पडलेली फळं रोजच्या रोज उचलली, पिकायला आलेली पपई उतरवून घरात आणली आणि कठड्यावर काटेरी फांद्या रचल्या. आठवडा लोटला, कठडा कोरडा ठणठणीत. नवरा म्हणाला, "जिंकलीस." ती जिंकली होती. मोतिया कापड नवं आणून, आटवून, तिथंच वाळवून तिनं शिवूनही दिलं. रिकामी वेताची खुर्ची मात्र तिनं आत नेली नव्हती.

त्याच सुमाराला वनखात्यातला रक्षक आपली खाकी पँट न्यायला आला. जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी कंबर थोडी सैल करून न्यायचा आणि दर वर्षी कापड आटलं म्हणून सांगायचा. सूनबाई पँटीचं शेवटचं बटण लावत होती, तेवढ्यात त्याची नजर टेबलावरच्या काळ्या तुकड्यावर गेली.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?"

तिनं सांगितलं. तो तुकडा उजेडात धरून हसला. उदमांजर, तो म्हणाला. नाव मांजर, पण मांजराशी फारसा संबंध नाही. रात्रीचं हिंडतं, फळं खातं, उंदीरही खातं, माणसाच्या वाटेला जात नाही. विष्ठेची जागा ठरलेली असते, उघडी आणि उंचवट्याची. तुम्ही फांदी कापलीत, फळं उचललीत, हेच करायला हवं होतं. पिंजरा बिंजरा लावू नका, कायद्यानं बंदी आहे. मग तयार झालेली पँट कमरेला लावून बघत तो सहज म्हणाला, "ते आलेलं कळतं बघा लगेच. अंगाला वास असतो त्याच्या. आम्ही जंगलात पहाटे फिरतो ना, नवीन पोरं हमखास फसतात. म्हणतात, साहेब, इथं भात कोण शिजवतंय?"

सूनबाईच्या हातातली सुई तशीच राहिली. तिनं त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं: भात, ताजा शिजलेला, वासाचा तांदूळ असतो तसा. पहाटे जास्त. दिवस वर आला की जातो. त्याला वाटलं बाईंना गंमत वाटतेय. तिनं पँट कागदात गुंडाळली, ती उलटी गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

तो गेल्यावर ती बागेत जाऊन त्या खुर्चीत बसली. बाबा रोज खरं बोलत होते. आणि आपण रोज तिथं बाटलीभर फिनेल ओतून, चोंदलेलं नाक घेऊन उभं राहत होतो आणि त्यांना मनातल्या मनात वेडं ठरवत होतो. अजून कुणाला येतो का, या प्रश्नाला आपण नाही म्हणालो होतो.

ताईला फोन केला तर ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, भाताचा वास येणारं मांजर? सूनबाई म्हणाली, मांजर नव्हे, उदमांजर. ताई म्हणाली, तुझं मन मोठं आहे, तुला वाईट वाटतंय, ते मला कळतं. पण इथं आल्यापासून बाबांनी भाताचं नावसुद्धा काढलेलं नाही. इथं ते बरे आहेत. अहो, आठव्या मजल्यावर उदमांजर कुठून येणार, असं सूनबाईनं म्हटलं. मग ताईचा आवाज खाली आला. "आणि तू म्हणतेस तसं नसलं तर? पुढच्या वेळी तू उठायच्या आधी कुणी दिवा लावला तर? मी असले फोन घेते गं. रोज घेते."

 ताई निष्ठुर नव्हती, घाबरलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच ताईकडे गेली. बाबा खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. तिनं जवळ स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, पाच बोटांपासून वनरक्षकापर्यंत. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर ते हसले.

"ठिगळ छान लावलंस," ते म्हणाले. "कुठं शिवलंय ते दिसतसुद्धा नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. हे रचलेलं नाही म्हणून तिनं शपथा घेतल्या. त्यांनी तिचा हात थोपटला. म्हणाले, अगं, मला काय ते समजलंय. त्या दिवशी चुलीवर भांडं नव्हतं आणि वास तर समोर होता. मी भांडं हातानं शोधत होतो. तेव्हाच मला कळलं की आपलं डोकं चाललं. म्हणून मुकाट्यानं आलो. "आता रोज पहाटे उठलो की आधी नाक ओढून बघतो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येतोय का. नाही आला की बरं वाटतं. पण उद्या येईल, ही भीती असतेच. तू माझ्यासाठी असली गोष्ट रचशील, हे मला माहीत होतं. तुझा स्वभावच तो. तुझ्या सासूला मी शिजवलेलं खारट लागलं तरी ती छान म्हणायची, तशी तू."

घरी परतताना बसमध्ये तिला एक गोष्ट पक्की कळली. आपण सांगून उपयोग नाही, वनरक्षकाला उभा केला तरी उपयोग नाही. बाबांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही असं जगात एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ताई. ती कुणालाच बरं वाटावं म्हणून कधी काही बोललेली नव्हती. वास ताईच्या नाकाला यायला हवा होता.

आणि इथंच पंचाईत होती. ज्या जनावराला महिनाभर डोकं लढवून हाकललं, ते आता परत कसं आणायचं?

नवऱ्याला तिनं बेत सांगितला. वडिलांविषयी तो, ते ताईकडे गेल्यापासून, एक अक्षर बोलला नव्हता. रात्री जेवताना त्यांच्या जागेकडे पाठ करून बसायचा. बेत ऐकल्यावर तो उठला, कठड्यावरच्या काटेरी फांद्या काढल्या, आणि कापलेल्या फांदीच्या जागी पेरूपासून कठड्यापर्यंत आपली कामावरची शिडी आडवी बांधून दिली. चोराला शिडी लावून देणारं घर आपलंच असेल, असं म्हणून तो पहिल्यांदाच हसला.

तिनं पिकलेली पपई चिरून कठड्यावर ठेवली. पहिल्या दिवशी ती कावळ्यांनी खाल्ली. नंतर मुंग्यांनी. एकदा बोक्यानं हुंगून सोडली. शेजारीण भिंतीवरून हे सगळं बघत होती आणि काही विचारत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न मावत नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं सूनबाईच्या मनात येई. पण पपई ती रोज नवी ठेवायची. ताईशी तिनं ठराव केला होता. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ताईनं बाबांना घेऊन एका रात्रीपुरतं यायचं. काही नाही निघालं तर सूनबाई हा विषय पुन्हा काढणार नाही, बाबा कायमचे ताईकडे. ताईनं मान्य केलं, बहुधा विषय मिटावा म्हणूनच.

सुट्टीचा दिवस जवळ आला, कठडा तसाच स्वच्छ. सूनबाईला रात्री झोप लागेना. आणि मग, आदल्या पहाटे, ती बागेत गेली तर कठड्याच्या बरोबर मधोमध, बियांसकट, ताजी घाण होती. ती धावत आत आली आणि बूट घालणाऱ्या नवऱ्याला तिनं ही वार्ता घरात पाळणा हलल्याचं सांगावं तशा आनंदानं सांगितली. त्यानं कामावर फोन करून उद्या येत नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी कठडा कुणी धुतला नाही. नवऱ्यानं पत्रा आणि खिळे तेवढे तयार ठेवले. परीक्षा झाली की शिडी निघणार होती आणि झाडाच्या बुंध्याला पत्रा लागणार होता. कठडा अखेर कापडासाठी हवाच होता.

संध्याकाळी ताई बाबांना घेऊन आली. बाबा पाहुण्यासारखे वागले. पाणीसुद्धा मागून घेतलं. बागेकडचं दार उघडं होतं, तिकडे ते गेले नाहीत. जेवणात मीठ कमी पडलं होतं, सूनबाईनं मुद्दाम कमी टाकलं होतं. ते काही बोलले नाहीत. झोपायला जाताना त्यांनी ताईला हळूच विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं.

पहाटे सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. बाहेर फटफटायला लागलं होतं. शेगडी थंड होती, तिनं चहासुद्धा ठेवला नव्हता. पलीकडच्या खोलीत बाबा जागे होते; खाटेच्या कडेला बसलेले, पाय खाली सोडलेले, हात मांडीवर. बागेत यायचं का, असं तिनं खुणेनं विचारलं. त्यांनी मान हलवली. नको म्हणाले. त्यांना वास यायला नको होता, आणि न यायलाही नको होता. तिला ते समजलं आणि तिनं आग्रह केला नाही.

इतक्यात ताईचा फोन वाजला. कामावरून होता, कुणाची तरी पाळी बदलायची होती. आत आवाज नीट येत नव्हता म्हणून ती बोलत बोलत दार उघडून बागेत गेली, विस्कटलेले केस, अर्धवट झोपेत. कठड्याजवळ येरझारा घालत तिनं कुणाला कुठल्या गाडीवर पाठवायचं ते सांगितलं, दोनदा समजावलं, एकदा रागावली. फोन बंद केला. मग खिडकीत सूनबाई दिसली तसं तिनं तिथूनच वैतागून म्हटलं, "अगं, एवढ्या पहाटे कशाला भात लावत बसलीस? मी काही इतक्यात..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. ती कठड्याकडे वळली. खिडकीकडे बघितलं, सूनबाईचे रिकामे हात बघितले. मग तिनं डोळे मिटून पुन्हा एकदा, सावकाश, श्वास आत घेतला.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. कधी उठले ते कुणाला कळलं नाही. अनवाणीच पायऱ्या उतरून ते मुलीपाशी गेले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"तुला येतोय?"

"येतोय बाबा."

"भाताचाच ना?"

"भाताचाच."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणापासून खोटं न बोलणारं ते तोंड आता वेडंवाकडं व्हायला लागलं होतं. नवरा सूनबाईच्या मागं खिडकीशी येऊन उभा राहिला. बाबांनी पुन्हा विचारलं, येतोय ना? ताईनं पुन्हा सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एकदा विचारलं, मग आणखी एकदा, आणि ताई प्रत्येक वेळी हो म्हणाली. म्हातारा तेच तेच विचारतोय, असं त्या घरात कुणाच्याही मनात आलं नाही.